उजनीच्या पाण्यावरचा एकटा फॅलारोप : एका ओळखीची फेरतपासणी

ज्या पक्ष्याची ही हकीकत आहे तो वेडर पक्ष्यांपैकी, म्हणजे चिखलात आणि उथळ पाण्यात चालत अन्न शोधणाऱ्या पक्ष्यांपैकी आहे. मात्र आम्हाला तो दिसला तेव्हा चालता येईल असा चिखल त्याच्या आसपास कुठेच नव्हता. सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यातील शनिवार होता, उजनी धरण काठोकाठ भरलेले होते आणि कुंभारगावच्या बाजूने होडीतून बरेच आत गेल्यावर खाली कित्येक पुरुष खोल पाणी होते.

पुढील सगळा गोंधळ या परिस्थितीतूनच निर्माण झाला, म्हणून ती थोडी सविस्तर सांगणे आवश्यक आहे. भीमेवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यापैकी ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न धरला जाणारा तळाचा साठा आहे; त्यामुळे उन्हाळ्यात ‘धरण मायनसमध्ये गेले’ असे वाक्य या भागात सर्रास कानावर पडते. पाणी उतरू लागले की काठाने चिखलाचे रुंद पट्टे उघडे पडतात, पळसदेवचे जुने मंदिर पाण्यातून डोके वर काढते, आणि रोहित पक्ष्यांबरोबर टिलवे, चिखले, शेकाटे, तुताऱ्या असे सगळे वेडर त्या पट्ट्यांवर उतरतात. पुण्यामुंबईचे पक्षीनिरीक्षक उजनीकाठच्या भिगवणला येतात ते या काळात. सप्टेंबरमध्ये मात्र पाणी बाभळींच्या बुंध्यांपर्यंत पोहोचलेले असते. आर्क्टिककडून निघालेले वेडर तेव्हा महाराष्ट्रावरून जात असतात, पण त्यांना उतरायला इथे जागा फारशी नसते. म्हणून त्या दिवशी आम्ही वेडर शोधत नव्हतोच. नदी सुरयांचे थवे मोजावेत आणि परतावे, एवढाच बेत होता.

होडीच्या डाव्या बाजूला साधारण दीडशे मीटरवर एक लहानसा, वर गडद आणि खाली पांढरा पक्षी पाण्यावर तरंगताना दिसला. माझ्या सहकाऱ्याने दुर्बीण डोळ्याला लावली आणि ‘टिबुकली’ असे म्हणून ती खाली ठेवली. मीही तसेच केले. उजनीवर टिबुकल्यांना, म्हणजे सतत बुड्या मारणाऱ्या या लहान पाणपक्ष्यांना, तोटा नाही, आणि तरंगणारा लहान पक्षी म्हणजे टिबुकली हे समीकरण इतके अंगवळणी पडलेले असते की डोळा पुढचे काही पाहतच नाही. होडी चालवणारे मामा मात्र वल्हे थांबवून त्याच्याकडे बघत राहिले. ‘टिबुकली न्हाई ही,’ ते म्हणाले, ‘टिबुकलीनं एव्हाना दोनदा बुडी मारली असती.’

या प्रकरणातील पहिला खरा पुरावा त्यांच्या या एका वाक्यात होता. पक्षी बुडी मारत नव्हता. तो पाण्यात रुतल्यासारखा न बसता बुचासारखा वर तरंगत होता, शेपटी किंचित उचललेली होती, मान उभी आणि बारीक होती, आणि डोके चालत्या कबुतरासारखे सतत पुढेमागे होत होते. मामांनी इंजिन सुरू न करता वल्ह्यानेच होडी वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेली आणि आम्ही हळूहळू वाहत त्याच्याकडे जाऊ लागलो. साधारण चाळीस मीटरवर आल्यावर पक्ष्याने जागच्या जागी गिरक्या घ्यायला सुरुवात केली. मी घड्याळ लावून मोजले, तर दहा सेकंदांत आठ गिरक्या झाल्या, सगळ्या एकाच दिशेने, आणि प्रत्येक गिरकीत पाण्याच्या पृष्ठभागावर चोचीचे दोन-तीन टोचे.

पाण्यावर अशी फिरकी घेत अन्न वेचण्याची सवय ज्यांची ओळख बनली आहे असे वेडर फॅलारोपच. तुताऱ्यांपैकी काही जण वेळ आली तर पोहतात. मार्श सँडपायपर तर खोल पाण्यात शिरून थोडा वेळ तरंगतानाही दिसतो. परंतु ते पोहणे दोन उथळ जागांमधील अडचण पार करण्यापुरते असते. फॅलारोपाची बोटे मात्र त्यासाठीच घडलेली आहेत : बोटांच्या कडांना चपट्या झालरी असतात, आपल्या वारकरी पक्ष्याच्या बोटांना असतात तशाच. फॅलारोप या नावाचा मूळ ग्रीक अर्थच ‘वारकरी पक्ष्याच्या पायांचा’ असा होतो. (पंढरपूर याच पाण्याच्या खालच्या अंगाला असल्याने मामांना हा अर्थ भलताच आवडला, पण मी ज्या वारकऱ्याबद्दल बोलत होतो तो कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा पक्षी, हे त्यांना सांगावे लागले नाही.)

गिरकीचे कारण साधे आहे. पक्षी गोल फिरत पायांनी पृष्ठभागाचे पाणी बाहेर लोटतो, त्या जागी खालचे पाणी वर येते आणि त्याबरोबर आवाक्याबाहेरचे बारीक जीवही वर येतात. त्यापुढचा भाग अधिक नवलाचा आहे. पक्षी चोचीच्या टोकाने किडा असलेला पाण्याचा थेंब उचलतो आणि चोच किंचित उघडमीट करतो. पृष्ठताणामुळे तो थेंब चोचीतून आपोआप घशाकडे सरकत जातो. हे यांत्रिक गणित २००८ साली प्रयोगांनी तपासले गेले आहे. स्कोपमधून चोचीची ती थरथर मला दिसली, थेंब मात्र दिसला नाही.

इथपर्यंत सगळे सुरळीत होते. जगात फॅलारोपाच्या तीनच जाती आहेत, त्यामुळे काम सोपे वाटले. पैकी विल्सनचा फॅलारोप उत्तर अमेरिकेत वीण करतो आणि दक्षिण अमेरिकेच्या खाऱ्या तळ्यांवर हिवाळा घालवतो. तो उजनीत दिसण्याची शक्यता जवळपास नाहीच, तरीही ती जात भूगोलावर न सोडता लक्षणांवर बाद करणे योग्य होते. उरल्या दोन : लाल मानेचा फॅलारोप आणि करडा फॅलारोप. पहिला हजारोंच्या संख्येने अरबी समुद्रात हिवाळा काढतो आणि स्थलांतराच्या काळात क्वचित आतल्या जलाशयांवर उतरतो. दुसऱ्याच्या भारतातील नोंदी मोजक्याच आहेत.

आणि नेमके इथेच मी चुकलो. होडीतच वहीत लिहिले : ‘करडा फॅलारोप, १, पोहताना.’ तसे का लिहिले, याचा विचार नंतर पुष्कळ केला. पक्षी दिसायला करडा होता, हे एक कारण. मी ज्या चित्रांवर वाढलो त्यांत लाल मानेच्या फॅलारोपाचे सप्टेंबरमधील पिल्लू काळपट तपकिरी पाठीचे आणि त्यावर सोनेरी पट्टे असलेले दाखवलेले असते. समोरचा पक्षी तसा नव्हता. करड्या फॅलारोपाची पिल्ले लवकर पिसे बदलू लागतात आणि शरद ऋतूतच त्यांच्या पाठीवर करडी पिसे येतात, हेही मला ठाऊक होते. म्हणजे माझ्या तर्काला आधार होता. पण तो तर्क फक्त पिल्लांपुरता खरा आहे, आणि हा पक्षी पिल्लूच आहे हे मी तपासले नव्हते. सप्टेंबरात आतल्या जलाशयावर एकटा सापडलेला पक्षी म्हणजे वाट चुकलेले पिल्लू, असे मनाशी गृहीत धरले होते. शिवाय दुर्मीळ पक्ष्याचा मोह असतोच. करडा हा शब्द लिहिताना हात किंचित कापला होता, हे मी नाकारणार नाही.

नावांचाही थोडा दोष आहे. करडा फॅलारोप विणीच्या काळात गळ्यापासून पोटापर्यंत विटेसारखा लालभडक असतो, म्हणून अमेरिकेत त्याला लालच म्हणतात. आणि लाल मानेच्या फॅलारोपाच्या मानेवर तो आपल्याकडे येतो तेव्हा बहुधा लाल रंगाचा मागमूसही नसतो. भारतातील निरीक्षकाला या दोन्ही नावांचा उपयोग शून्य आहे.

संध्याकाळी मुक्कामी चिलापीचे कालवण होईपर्यंत लॅपटॉपवर छायाचित्रे उघडली. एकूण ६४ होती. निम्म्याहून अधिक बाद झाली, कारण दुपारच्या उन्हात पांढरा भाग जळून गेला होता आणि पाठीवरचे तपशील पुसले गेले होते. याच जळालेल्या छायाचित्रांत पक्षी सर्वाधिक करडा आणि एकसारखा दिसत होता. ढग आल्यानंतरची अकरा छायाचित्रे उपयोगाची ठरली. ती पाहताना मी वही मिटून ठेवली आणि पक्ष्याचे नाव न घेता प्रत्येक अवयव वेगळा तपासला.

आधी चोच. दोन्ही जातींच्या चोचीची लांबी जवळपास सारखीच, बावीस मिलिमीटरच्या आसपास असते. त्यामुळे ‘चोच लांब की आखूड’ हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, जाडी पाहायला हवी. करड्या फॅलारोपाची चोच तुलनेने रुंद आणि जाड असते, टोकापर्यंत तिची जाडी फारशी कमी होत नाही आणि मुळाशी बऱ्याचदा फिकट पिवळसर किंवा तपकिरी छटा असते. आमच्या पक्ष्याची चोच मुळापासून टोकापर्यंत काळी होती आणि गोधडी शिवायच्या सुईसारखी बारीक होत गेली होती. एका छायाचित्रात ती चक्क आकाशाच्या प्रतिबिंबावर आडवी आलेली असल्याने तिची कड स्वच्छ दिसत होती. वहीतल्या नोंदीला पहिला तडा इथे गेला.

नंतर पाठ. हिवाळी पिसाऱ्यातील करड्या फॅलारोपाची पाठ कुरव पक्ष्याच्या पाठीसारखी सपाट, फिकट, बिनरेघांची असते. आमच्या पक्ष्याच्या पाठीवर करड्या पिसांना पांढरट कडा होत्या आणि त्या कडा जुळून पाठीच्या दोन्ही बाजूंनी मागे जाणाऱ्या पांढऱ्या रेघा तयार झाल्या होत्या. या रेघा लाल मानेच्या फॅलारोपाच्या हिवाळी पिसाऱ्याचेही लक्षण आहेत. जळालेल्या छायाचित्रांत त्या नाहीशा झाल्या होत्या, आणि दुपारच्या उन्हात माझ्या डोळ्यांसमोरूनही त्या तशाच निसटल्या असणार.

तिसरी गोष्ट पक्ष्याच्या वयाची, आणि माझ्या मते या प्रकरणाचा निकाल तिच्यावरच लागतो. करड्या पिसांमध्ये खांद्यावर सहा-सात काळपट पिसे शिल्लक होती. सप्टेंबरमध्ये पिल्लाची पिसे दोन-तीन महिन्यांचीच असतात, म्हणून त्यांच्या कडा ताज्या, अखंड आणि सोनेरी दिसायला हव्यात. ही पिसे मात्र झिजलेली होती, त्यांच्या कडा फिकट आणि कुरतडल्यासारख्या होत्या. पंखांवर मिटलेली लांब पिसेही टोकाशी जीर्ण झाली होती. म्हणजे हा प्रौढ पक्षी होता आणि त्याचा विणीचा पिसारा जाऊन हिवाळी पिसारा येत होता. एकदा हे मान्य केले की करडा रंग हा काही पुरावाच राहत नाही, कारण सप्टेंबरअखेर दोन्ही जातींचे प्रौढ पक्षी करडे होत आलेले असतात. उलट, विणीच्या पिसाऱ्याचे अवशेष कुठे उरले आहेत हा प्रश्न आता कामाचा ठरतो. करड्या फॅलारोपाचा प्रौढ असता तर लालसर डाग छातीवर, कुशीत आणि पोटावर विखुरलेले दिसले असते, कारण विणीत त्याचे सगळे अंग खालून लाल असते. आमच्या पक्ष्याचे पोट आणि कुशी पांढरी होती. कानामागून मानेच्या बाजूने खाली उतरणारी, बोटाच्या पेराएवढी, गंजाच्या रंगाची एक पुसट पट्टी मात्र होती. ती फक्त दोन छायाचित्रांत दिसते आणि दोन्हींत एकाच जागी दिसते, म्हणून तिला प्रकाशाचा खेळ म्हणता येणार नाही. नावातील ‘लाल मान’ एवढीच काय ती उरली होती.

सहकाऱ्याने इथे एक रास्त शंका घेतली. करड्या फॅलारोपाच्या पिल्लाच्याही मानेवर आणि छातीवर तांबूस छटा असते, मग या पट्टीवर एवढा भार का टाकायचा? उत्तर असे, की पिल्लाची ती छटा गळा आणि छातीवर पसरलेली, कडा नसलेली असते. ही पट्टी मर्यादित होती आणि तिच्या पुढचा गळा शुभ्र होता. त्यातही नुसत्या पट्टीवर मी काहीच ठरवले नसते. सुईसारखी चोच, रेघांची पाठ आणि झिजलेली पिसे यांच्या जोडीने ती वाचायची.

विल्सनच्या फॅलारोपाचा निकाल उडतानाच्या एका धूसर छायाचित्राने लावला. पक्षी एकदाच उडाला, वीस-पंचवीस मीटर जाऊन पुन्हा बसला. उडताना त्याने ‘किप्’ असा तुटक आवाज केला. छायाचित्रात पंखावर ठळक पांढरा पट्टा आणि शेपटीच्या वर मधोमध काळी पट्टी दिसते. विल्सनच्या फॅलारोपाच्या पंखावर पट्टा नसतो आणि शेपटीचा वरचा भाग पांढरा असतो. आकाराचा उपयोग मी फारसा केला नाही. लाल मानेचा फॅलारोप १८ ते १९ सेंटिमीटर आणि करडा २० ते २२ सेंटिमीटर लांब असतो. पाण्यावर एकट्या बसलेल्या पक्ष्याबाबत हा फरक सांगू शकणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवणार नाही. जवळून एक टिबुकली पोहत गेली तेव्हा आमचा पक्षी तिच्यापेक्षा स्पष्टपणे लहान आणि सडपातळ दिसला, एवढे वहीत आहे.

समुद्रापासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर असलेल्या या जागी तो का थांबला, याचे पूर्ण उत्तर देता येणार नाही, पण काही गोष्टी जुळतात. हे पक्षी उत्तरेकडील टुंड्रात वीण करतात आणि नंतर हिवाळाभर खुल्या समुद्रात राहतात. स्कँडिनेव्हियातील पक्ष्यांना प्रकाश मोजणारी सूक्ष्म उपकरणे बांधून केलेल्या अभ्यासात ते अरबी समुद्रात उतरत असल्याचे दिसले. याउलट शेटलंड बेटांपैकी फेटलरवर २०१२ साली असे उपकरण बांधलेला एक पक्षी अटलांटिक ओलांडून थेट दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला प्रशांत महासागरात हिवाळा काढून परतला. अरबी समुद्राकडे जाणाऱ्यांना मध्य आशियाचा मोठा भूभाग ओलांडावा लागतो आणि वाटेत ते तळ्यांवर विसावतात. वेडर म्हणून पाहिले तर भरलेले उजनी धरण निरुपयोगी. पण पोहून खाणाऱ्या पक्ष्याला चिखलाची गरजच काय? त्या दिवशी वाऱ्याने पाण्यावर फेसाची आणि शेवाळाची एक लांब रेघ ओढली होती आणि तिच्यावर चिलटांचे ढग उठत होते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेवाटे भीमेत आणि तिथून या जलाशयात येते; पाण्यात अशी पोषके वाढली की चिलटांच्या अळ्यांचे फावते. पक्षी सगळा वेळ त्या रेघेला धरून होता, तिच्यापासून दोन मीटरही दूर गेला नाही. समुद्रातही हे पक्षी दोन प्रवाहांच्या सीमेवर जमणाऱ्या अशाच रेघांवर खातात.

ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर नोंद करताना अपेक्षेप्रमाणे तपशील मागणारी चौकट उघडली, आणि काही दिवसांनी तपासणी करणाऱ्या स्वयंसेवकाचा एकच प्रश्न आला : करडा फॅलारोप कशावरून वगळला? वहीतले पहिले पान खोडलेल्या ओळीसह जोडायचे की नाही, यावर मी थोडा घुटमळलो. शेवटी जोडले, कारण पहिल्या ओळखीच्या वेळी काय दिसत होते आणि काय गृहीत धरले होते, हे त्याशिवाय कळत नाही. सोबत चोचीचे, पाठीचे, मानेच्या पट्टीचे आणि उड्डाणाचे अशी चार छायाचित्रे दिली, जळालेल्यांपैकीही एक दिले, आणि अंतर, प्रकाश व वेळ लिहिली. नोंद लाल मानेचा फॅलारोप म्हणून मान्य झाली. वय प्रौढ असे लिहिले आहे. लिंग लिहिलेले नाही : या जातीत मादी नरापेक्षा अधिक ठळक रंगांची असते आणि अंडी उबवण्याचे काम नर करतो, पण तो रंगांचा फरक विणीच्या पिसाऱ्यापुरता असतो, आणि पेराएवढ्या पुसट पट्टीवरून तो वाचता येत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. वारा फिरला होता, फेसाची रेघ पलीकडच्या काठाला लागली होती आणि पक्षी नव्हता. मामांनी तो बुधवारपर्यंत पाहिल्याचे सांगितले. वाराची खात्री होती, कारण त्या दिवशी त्यांची जाळी त्याच पट्ट्यात टाकलेली होती. ती तारीख त्यांच्या नावाने नोंदीच्या शेऱ्यात घालू का, असे विचारल्यावर ते म्हणाले, ‘घाला की सर, पण टिबुकली म्हणू नका.’